खरखरीतून ऐकताना

एटीसीत, म्हणजे हवाई वाहतूक नियंत्रणात, नोकरी करते म्हटलं की लोक हटकून रडारबद्दल विचारतात. पडद्यावर विमानं कशी दिसतात, रात्रपाळीत डोळे दुखत नाहीत का, एवढी विमानं एकमेकांवर आदळत कशी नाहीत. कानांबद्दल आजवर कुणी विचारलेलं नाही. मुंबईच्या अप्रोच कंट्रोलमध्ये नोकरीचा मोठा काळ काढल्यावर मी मात्र सांगेन, की हे काम निम्म्याहून जास्त कानांचं आहे आणि पावसाळ्यात तर जवळपास सगळंच. विमान कुठे आहे ते रडार दाखवतं. वैमानिकाला समोर काय दिसतंय, त्याच्याकडे इंधन किती उरलंय, मी सांगितलेलं त्याला कळलं की नाही, हे त्याच्या आवाजातूनच कळतं. आणि तो आवाज नेमका नको त्या वेळी अडतो.

नोकरीला लागले तेव्हा वीज आणि रेडिओ यांची जोडी माझ्या डोक्यात पक्की होती. घरी ट्रान्झिस्टर लावलेला असताना लांब कुठे वीज चमकली की त्यात कड्कन आवाज यायचा, ते लहानपणापासून ऐकलेलं. बमरौलीच्या ट्रेनिंग कॉलेजात पहिल्यांदा कळलं, की आमच्या कामात वीज ही मुख्य अडचण नाही. विमानांशी बोलायला ११८ ते १३७ मेगाहर्ट्झ हा व्हीएचएफ पट्टा वापरतात. विजेची रेडिओऊर्जा बरीचशी याच्या कितीतरी खालच्या फ्रीक्वेन्सींवर पसरते, म्हणून मीडियम वेव्हचं जसं वाटोळं होतं तसं व्हीएचएफचं होत नाही. वीज जवळ असेल तर टचटच ऐकू येते, एखादं अक्षर जातं, एवढंच.

मग वादळात आमच्या फ्रीक्वेन्सीची दाणादाण का उडते? माझं उत्तर असं, की आभाळापेक्षा आम्ही माणसंच ती उडवतो.

मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे वापरात एका वेळी खरं म्हणजे एकच. त्या एका धावपट्टीवर गर्दीच्या वेळी तासाला पंचेचाळीसच्या आसपास उतरणारी-उडणारी विमानं. पावसाळ्यात वारा पश्चिमेचा, म्हणजे उतरणारी विमानं पूर्वेकडून, घाट ओलांडून, घाटकोपरच्या डोक्यावरून येणार. भर जुलैत मुंबईवर आठवडा आठवडा पाऊस कोसळतो, पण गडगडाट नावापुरता असतो. खरे गडगडाटी ढग येतात ते मान्सून येताना आणि परत जाताना. जूनचा पहिला पंधरवडा, आणि मग सप्टेंबरअखेरपासून ऑक्टोबर. दुपार कलली की घाटमाथ्यावर क्युम्युलोनिम्बस उभे राहू लागतात. आम्ही त्यांना नुसतं सीबी म्हणतो. चाळीस-पंचेचाळीस हजार फुटांपर्यंत चढलेला सीबी कुठलाही वैमानिक मधोमध चिरत नाही. त्याला वळसा घालायचा असतो, आणि वळसा घालायला आमची परवानगी लागते.

अशाच एका जूनच्या संध्याकाळी मी शिकाऊ म्हणून अप्रोचच्या पोझिशनवर होते. शेजारी वरिष्ठ, त्यांचा हेडसेट माझ्याच पॅनेलला जोडलेला. घाटावर ढगांची रांग लागली होती आणि पूर्वेकडून येणाऱ्या प्रत्येकाला तिच्या कडेनं निघायचं होतं. कुणाला डावीकडून, कुणाला उजवीकडून. प्रत्येकाला ते त्याच क्षणी सांगायचं होतं. कानात एक लांब कर्कश शिट्टी वाजली. तिच्यातून एकही शब्द कळला नाही.

शिकाऊ माणसाच्या तोंडी अशा वेळी एकच वाक्य येतं: कोण बोललं, पुन्हा सांगा. ते माझ्या तोंडून निघायच्या आत वरिष्ठांनी बटण दाबलं. पडद्यावर जे विमान ढगाच्या सर्वांत जवळ होतं, त्यालाच त्यांनी कॉलसाइननं, म्हणजे रेडिओवरच्या नावानं, हाक मारली, डावीकडे वीस मैलांपर्यंत वळायची परवानगी दिली आणि बाकीच्यांना ‘स्टँड बाय’ म्हणून सांगितलं. मग दुसरं विमान, मग तिसरं. कुणाचाही आवाज न चढता मिनिटाभरात सगळं मार्गी लागलं.

“अगं, दोघं एकदम बोलले तर कोण बोललं ते विचारायचं नाही,” चहाच्या सुट्टीत ते म्हणाले. “विचारलंस की परत दोघंही बोलणार. तुला आधी कुणाशी बोलायचंय ते तू ठरव आणि त्यालाच हाक मार.”

त्या शिट्टीविषयी थोडं सांगायला हवं. विमानाचा रेडिओ आजही एएम आहे, आणि लोकांना वाटतं की हा जुनाट कारभार असणार. एफएमवर आवाज स्वच्छ येतो, कडकड कमी होते, हे खरं. पण एफएमवर दोघं एकदम बोलले तर जोरकस सिग्नल तेवढा ऐकू येतो आणि दुसराही बोलत होता याचा पत्ताच लागत नाही. एएमवर दोघं एकमेकांत मिसळतात आणि शिट्टी होते. शब्द जातात, पण दोघं बोलले हे कळतं. मला ही शिट्टी फार मोलाची वाटते, मात्र ती ऐकून थांबणारा कान हवा. २७ मार्च १९७७ ला तेनेरिफेच्या विमानतळावर दाट धुक्यात दोन बोइंग ७४७ एकाच धावपट्टीवर होती. टॉवर एकाला थांबायला सांगत होता आणि त्याच क्षणी दुसरं विमान ‘आम्ही अजून धावपट्टीवरच आहोत’ असं कळवत होतं. उड्डाणाच्या तयारीतल्या कॉकपिटमध्ये टॉवरचा सुरुवातीचा ‘ओके’ स्वच्छ पोचला, पुढचं शिट्टीत बुडालं. ५८३ माणसं गेली. त्या दुर्घटनेनंतर ‘टेक-ऑफ’ हा शब्द प्रत्यक्ष उड्डाणाची परवानगी देताना किंवा ती रद्द करतानाच उच्चारायचा, एरवी ‘डिपार्चर’ म्हणायचं, असा दंडक झाला. आमच्या पुस्तकातल्या अशा कितीतरी रुक्ष वाटणाऱ्या नियमांमागे माणसं गेलेली आहेत, हे नव्या मुलांना मी आवर्जून सांगते.

वरिष्ठांचं ते वाक्य मी पुढे हळूहळू वाढवत नेलं. सीबीची रांग लागली असेल तर पहिल्या विमानानं मागण्याची वाट बघायची, पण त्याच्या मागून येणाऱ्यांना त्यांनी मागण्याआधीच परवानगी देऊन टाकायची. वारा, दृश्यमानता, धावपट्टीवरचं पाणी यांची माहिती सगळ्यांना मिळून एकदाच सांगायची, म्हणजे तोच प्रश्न सहा जण विचारत नाहीत. एका वाक्यात तीन सूचना कोंबायच्या नाहीत. दिशा, उंची आणि वेग एका दमात सांगितले तर पाऊस झोडपत असलेल्या कॉकपिटमध्ये त्यातलं एक नक्की सांडतं, मग वैमानिक विचारतो, मी पुन्हा सांगते, आणि वाचवलेल्या दोन सेकंदांच्या जागी दहा जातात. वादळात फ्रीक्वेन्सीवरची रिकामी जागा ही धावपट्टीइतकीच टंचाईची वस्तू असते. ती मी किती वापरते याचा हिशेब ठेवायची सवय मला लागली आणि माझ्या बोलण्यात सगळ्यांत मोठा फरक तिनंच पाडला.

आकडे उच्चारायची आमची तऱ्हा बाहेरच्यांना गमतीची वाटते. थ्रीचं ट्री, फाइव्हचं फाइफ, नाइनचं नाइनर. खरखरीत टिकून राहील असाच तो उच्चार ठरवलेला आहे. कॉलसाइनच्या बाबतीत तेवढं सोपं नाही. एकाच कंपनीची ६१५ आणि ६५१ क्रमांकाची विमानं एका वेळी माझ्याकडे असतील तर मी दोघांनाही आधीच सावध करते की तुमच्यासारखंच दुसरं विमान फ्रीक्वेन्सीवर आहे. पावसात एकाची सूचना दुसऱ्यानं उचलणं ही कल्पनेतली भीती नाही. वैमानिक सूचना परत म्हणून दाखवतो तो रीडबॅक कान देऊन ऐकला तर ही चूक तिथेच पकडता येते. रीडबॅक चालू असताना पुढच्या विमानाच्या स्ट्रिपकडे, म्हणजे माहितीच्या पट्टीकडे, बघणं मी कटाक्षानं सोडलं.

आता विमानाकडून येणाऱ्या अडथळ्याकडे वळते. ढगातून जाताना पावसाचे थेंब, बर्फाचे स्फटिक विमानाच्या अंगावर आदळतात आणि त्यावर विद्युतभार साठत जातो. हा भार टोकांवरून हवेत निसटायला लागला की विमानाच्या रेडिओत सूंऽऽ असा आवाज भरतो. भार सावकाश निचरावा म्हणून पंखांच्या आणि शेपटीच्या मागच्या कडेला पेन्सिलीएवढ्या काड्या बसवलेल्या असतात. त्यांना स्टॅटिक विक म्हणतात. पुढच्या प्रवासात पंखामागची खिडकी मिळाली तर जरूर बघा. काड्या झिजलेल्या किंवा तुटलेल्या असल्या की ढगात आवाज वाढतो.

यातली फसवी गोष्ट अशी, की हा आवाज वैमानिकाच्या कानात असतो, आमच्या नाही. त्याचं बोलणं आम्हाला स्वच्छ ऐकू येतं, त्यामुळे आमचंही त्याला तसंच पोचत असणार असं कंट्रोलरला वाटतं. एका सप्टेंबरअखेरीस पुण्याच्या बाजूनं उतरत येणाऱ्या विमानाला मी पश्चिमेकडे वळायला सांगितलं. ‘से अगेन’. पुन्हा सांगितलं. ‘से अगेन’. त्याचा आवाज इतका स्पष्ट होता की मागे कॉकपिटच्या काचेवर आपटणारा पाऊससुद्धा ऐकू येत होता. तिसऱ्या वेळी एकेक शब्द दोनदा उच्चारत सांगितलं, त्याला काही उत्तर आलं नाही. त्याच्या पुढे दुसरं विमान होतं आणि दोघांमधलं अंतर कमी होत होतं.

ढगाच्या बाहेर, त्याच्यापासून जवळच, एक विमान होल्डिंगमध्ये गोल फिरत होतं. मी त्या वैमानिकाला माझी सूचना पुढे पोचवायची विनंती केली. त्यानं ती सावकाश, एकेक आकडा सुटा करत सांगितली. जवळून आलेला सिग्नल जोरकस असतो, आवाजावर मात करतो. आमचं रडार चार सेकंदांत एक फेरी मारतं. एक फेरी झाली, ठिपका सरळच. दुसरी, अजून सरळ. विमान वळायला घेतलं तरी पडद्यावर ते उमटायला वेळ लागतो हे ठाऊक असूनही नजर हलत नव्हती. तिसऱ्या-चौथ्या फेरीला ठिपक्यामागची शेपटी वाकली आणि पाठोपाठ होल्डिंगमधल्या वैमानिकानं कळवलं की त्याला मिळालंय. पुढे ते विमान ढगाबाहेर आलं तेव्हा त्याच्या वैमानिकानं मला नेहमीच्या सुरात शुभ संध्या म्हटलं. तो दुसरा वैमानिक कोण, कुठला, हे मला आजही माहीत नाही. एरवी एकमेकांशी स्पर्धा करणाऱ्या कंपन्यांची माणसं आभाळात एकमेकांसाठी असं करतात आणि आभाराची वाटही बघत नाहीत.

याच्या उलटही घडतं. वैमानिकाला ऐकू येतं, पण त्याचं बोलणं पोचत नाही. तेव्हा आम्ही म्हणतो, मला ऐकत असाल तर ट्रान्सपॉन्डरचं आयडेंट बटण दाबा. पडद्यावर त्याचं चिन्ह वेगळं उमटलं की तो ऐकतोय हे नक्की होतं, मग हो-नाहीच्या प्रश्नांवर त्याला उतरवताही येतं. काहीच दिसलं नाही तर त्यानं काहीच ऐकलेलं नाही असं धरून त्याच्या आजूबाजूची जागा मोकळी करायची. उत्तर नाही म्हणजे ऐकलं असेल, असं समजून एकही विमान पुढे न्यायचं नाही, यावर मी फार कडक आहे. नव्या मुलांना त्याचा जाच होतो. तो झाला तरी चालेल.

एका जुलैत मुसळधार पावसात एकामागून एक विमानं गो-अराउंड करत, म्हणजे न उतरता पुन्हा वर चढत होती आणि कुणाचं तरी माइकचं बटण अडकलं. एकाएकी फ्रीक्वेन्सीवर एका कॉकपिटमधलं संभाषण सुरू झालं. वायपरची घरघर, दोघांचं चेकलिस्टचं बोलणं, आणि दुसरं काहीही नाही. ज्याचं बटण अडकतं त्याला ते कळत नाही, कारण बोलत असलेला रेडिओ ऐकू शकत नाही. बाकी सगळे माझ्यापासून तुटले. पर्यायी फ्रीक्वेन्सी आमच्याकडे असते, पण तिच्यावर या असं सांगायचं कसं? बहुतेक विमानं दुसऱ्या रेडिओवर १२१.५ ही आणीबाणीची फ्रीक्वेन्सी ऐकत असतात, तिथे मी एकेकाला नावानं हाक मारून पर्यायी फ्रीक्वेन्सी सांगितली. शेजारच्या सहकाऱ्यानं हॉटलाइनवर टॉवरला आणि एरिया कंट्रोलला सांगून नवी विमानं लांबच थांबवली. एकेक आवाज परत यायला लागला. पर्यायी फ्रीक्वेन्सीवर ज्या विमानाचा आवाज येत नव्हता तेच ते, हे ओळखून त्याच्या कंपनीला कळवलं आणि कंपनीनं त्याच्या कॉकपिटमध्ये मजकूर पाठवला. या सगळ्याला काही मिनिटंच लागली असतील. तेव्हापासून पाळी सुरू करताना पर्यायी फ्रीक्वेन्सी आणि १२१.५ चं बटण बोटानं चाचपून बघितल्याशिवाय मी हेडसेट डोक्यावर चढवत नाही.

लोक २६ जुलै २००५ विषयी विचारतात. सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, विमानतळ बंद पडला. १७ मे २०२१ ला तौक्ते वादळातही तो कित्येक तास बंद होता. पण विमानतळ बंद असतो तेव्हा विमानं अहमदाबाद, हैदराबाद, नागपूरकडे वळलेली असतात, नाहीतर निघालेलीच नसतात. रेडिओच्या दृष्टीनं ते दिवस सोपे. कठीण असतात ते विमानतळ उघडा असलेले दिवस. पाऊस दर दहा मिनिटांनी मन बदलतो, होल्डिंगमध्ये आठ-दहा जण, प्रत्येकाच्या मनात इंधनाचा हिशेब आणि प्रत्येकाचा अंगठा बटणावर.

समुद्रावरची गोष्ट वेगळी. व्हीएचएफ साधारण नजरेच्या रेषेत चालतं. पस्तीस हजार फुटांवरचं विमानसुद्धा सव्वादोनशे सागरी मैलांच्या पलीकडे हाताबाहेर जातं. तिथून पुढे अरबी समुद्रावर एचएफ, म्हणजे बऱ्याच खालच्या फ्रीक्वेन्सीचा रेडिओ, आणि एचएफवर शेकडो मैलांवरच्या विजांची कडकड खरोखर येते. तिच्यातून विमानाची पोझिशन टिपून घेणारे जुने रेडिओ ऑपरेटर मी पाहिले आहेत. आता बरंच काम उपग्रहामार्फत मजकुरानं होतं, तरी त्या माणसांचा कान मला विद्वत्तेच्या तोडीचा वाटतो. अरबी समुद्राच्या आणखी एका गुणाची नोंद करते. एप्रिल-मेमध्ये पाण्यालगतच्या दमट हवेवर कोरड्या, तापलेल्या हवेचा थर बसतो आणि रेडिओलहरी त्यांच्यामधून वाकत लांबवर जातात. दुसऱ्या महायुद्धात मुंबईजवळच्या एका रडारवर थेट अरबस्तानचा किनारा उमटला होता. म्हणजे आभाळ निरभ्र असलं तरी रेडिओ सरळ वागेलच असं नाही.

राहिला जमिनीवरचा अडथळा, आणि यानं मला सगळ्यांत जास्त शिकवलं. एका वर्षी पाऊस सुरू झाला की आमची एक फ्रीक्वेन्सी मंदावायची. लांबची विमानं विरून जायची. पाऊस थांबून ऊन पडलं की सगळं ठाकठीक. आमच्या यंत्रणा सांभाळणारा सीएनएसचा विभाग वेगळा. तिथला एक इंजिनिअर म्हणाला, “मॅडम, एकदा साइटवर येऊन बघा.” रिसीव्हर आणि ट्रान्समीटर एकमेकांपासून मुद्दाम लांब ठेवलेले असतात, नाहीतर आपल्याच आवाजानं आपले कान बधिर होतील. रिसीव्हरच्या जागी मस्तुलाखाली त्यानं केबलचा जोड उघडला. वरची रबरी टेप चिरलेली होती. पितळी जोड फिरवल्यावर आतून हिरवट पाण्याचे थेंब त्याच्या तळहातावर पडले. तांब्याची जाळी काळी पडली होती. त्यानं केबलचा खराब तुकडा कापला, नवा जोड बसवला, टेप ताणून एकावर एक वेढे घेतले आणि इमारतीत शिरण्याआधी केबलला खाली झोळ दिला, म्हणजे ओघळणारं पाणी जोडापर्यंत न येता झोळाच्या तळाशी गळून पडतं. वरच्या मजल्यावर आम्ही ज्याला हवामानाचा दोष म्हणत होतो तो त्याच्या तळहातावर मावला.

त्यानंतर अडथळा आला की मी रजिस्टरमध्ये ‘खराब हवामान’ एवढंच लिहून सोडत नाही. वेळ, पाऊस होता की नाही, कोणत्या दिशेची विमानं ऐकू येत नव्हती, गुरगुर होती की शिट्टी, सगळं लिहिते. याच नोंदींमधून पुढे एकदा कळलं की एक एकसुरी गुरगुर पाऊस पडला की संध्याकाळी सुरू होते आणि उपनगराच्या एकाच बाजूनं येते. अ‍ॅनालॉग केबल टीव्हीचे दिवस होते ते. सरकारच्या वायरलेस मॉनिटरिंगच्या लोकांनी दिशा शोधणारी अँटेना घेऊन गल्ल्या पालथ्या घातल्या. शेवटी एका इमारतीच्या गच्चीवर केबलचा अ‍ॅम्प्लिफायर सापडला. झाकण नाही, आत पाणी, पेटी गंजलेल्या पट्टीनं पाइपला बांधलेली. तो बंद केला आणि आमच्या कानातली गुरगुर त्याच क्षणी थांबली. त्या इमारतीतल्या कुणाला स्वप्नातही वाटलं नसेल की आपल्या गच्चीवरची पेटी उतरत्या विमानांच्या बोलण्यात लुडबुड करते आहे.

वाचकांना म्हणूनच दोन विनंत्या आहेत. तुमच्या सोसायटीच्या गच्चीवर वर्षानुवर्षं पडून असलेले अ‍ॅम्प्लिफायर, बूस्टर, कुणी लावलेत ते आठवत नसलेले अँटेना असतील तर पावसाळ्याआधी ते उतरवा. आणि वायरलेसचे लोक तपासणीला आले तर ओळखपत्र बघून त्यांना गच्चीची किल्ली द्या. दुसरी विनंती प्रवासातली. विमान पावसात उतरत असताना फोन फ्लाइट मोडवर ठेवा. मोबाइलचा टॉवर शोधणाऱ्या फोनची टरटर काही वेळा वैमानिकाच्या हेडफोनमध्ये येते, आणि त्या वेळी त्याला आमचं प्रत्येक अक्षर हवं असतं.